टीसी आणलाय का?

श्रीरामपूर शहरात एक रेल्वे स्टेशन आहे आणि त्याच्या पिवळ्या पाटीवर 'बेलापूर' असं लिहिलेलं आहे. खुद्द बेलापूर तिथून पाच-सहा किलोमीटरवर, प्रवरेकाठी. नवखा पाहुणा तिथं उतरतो, पाटी वाचून निर्धास्त होतो आणि आम्हाला फोन करतो, "आलो बरं का बेलापूरला. कुठल्या गल्लीत यायचं?" आम्ही म्हणतो, "गल्ली राहू द्या, तिथंच उभे राहा." मग स्कूटर काढायची आणि बेलापूरला आलेल्या पाहुण्याला बेलापूरहून बेलापूरला आणायचं.

दोष कुणाचा नाही. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली तेव्हा आजचं श्रीरामपूर शहर नव्हतंच. जवळचं नाव घेण्यासारखं गाव आमचं, म्हणून स्टेशनाला नाव आमचं. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, तालुक्याचं ठाणं झालं आणि आम्ही राहिलो नदीकाठी. साखर कारखान्याची ती नावाजलेली बेलापूर कंपनी, तीसुद्धा हरिगावला. म्हणजे आमच्या नावाच्या दोन मोठ्या गोष्टी आणि दोन्ही दुसऱ्यांच्या गावात नांदतात. जाताना दाखला कुणीच नेला नाही.

हे मला खुपतं, कारण मी ३१ वर्षं एका हायस्कुलात लेखनिक होतो. शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं हा माझा धंदा. जनरल रजिस्टर नंबर, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण. ज्या पोरानं प्रयोगशाळेतला सांगाडा रात्रीतून हेडमास्तरांच्या खुर्चीत नेऊन बसवला, त्याच्याही वर्तणुकीपुढे मी 'चांगली' असंच लिहिलं. 'चांगली' शिवाय दुसरा शब्द त्या रकान्यात कधी पडलाच नाही, आणि खरं सांगायचं तर पडता कामा नये. वाईट लिहिलं तर पुढची शाळा घ्यायची नाही आणि ते रत्न आमच्याच पदरात राहायचं. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंती कुणी कुणाला केली, हे रजिस्टर विचारत नाही.

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायची वेळ आली.

भाचा मुंबईकडच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. जून २०२५ मध्ये त्याचा फोन आला. "मामा, मला कॉलेज बदलायचंय. तुमच्याकडं राहतो, श्रीरामपूरला जातो."

"का रे? काय झालं?"

"तिकडं दोन तास लोकल, दोन तास लेक्चर, दोन तास लोकल. लोकलची हजेरी कॉलेजपेक्षा जास्त भरली माझी."

मामी म्हणाली, येऊ दे, घरात माणूस होईल. मी म्हणालो, येऊ दे, टीसीच काढायचा ना, त्यात काय! ३१ वर्षांच्या अनुभवानं माणसाला जो मूर्ख आत्मविश्वास येतो, तो माझ्या आवाजात होता.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या साडूच्या मुलीनंही कॉलेज बदललं. ती दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात शिकली आणि आता तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात निघाली. साडू व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "इकडे रोलिंग ॲडमिशन असतं." मला आधी वाटलं, तिकडेही प्रवेशासाठी लोळण घ्यावी लागते की काय. तसं नाही. ॲरिझोना स्टेटसारख्या बऱ्याच विद्यापीठांत अर्ज येईल तसा वाचतात आणि उत्तर देतात. सगळे अर्ज गोळा होईपर्यंत थांबायचं नाही, एका दिवशी यादी लावायची नाही. जागा आहेत तोवर दार उघडं. गुणपत्रक जुनं कॉलेज थेट नव्या कॉलेजला पाठवतं. पोरीनं त्या कागदाला हात लावलेलासुद्धा चालत नाही. लावला तर तो कागद बाद.

हे ऐकून मी पाणी प्यालो. आमच्याकडे नेमकं उलटं. दोन कॉलेजं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, जणू भाऊबंदकी आहे. कागद न्यायचा विद्यार्थ्यानं, आणायचा विद्यार्थ्यानं, झेरॉक्स विद्यार्थ्याची, सही विद्यार्थ्याची, वर 'मी स्वतः साक्षांकित करतो की हा मीच आहे' हेही विद्यार्थ्यानंच लिहायचं. तिकडे अर्ज रोल होतो. इकडे पोरगं रोल होतं.

आणि वर आम्ही म्हणतो, आपल्याकडे रोलिंग नाही! श्रीरामपूरच्या रस्त्याला एकदा फेरी मारा. 'प्रवेश सुरू! प्रवेश सुरू! मोजक्याच जागा शिल्लक!' हे फ्लेक्स मे महिन्यात लागतात आणि उन्हाळा, पावसाळा, दिवाळी बघून पुढच्या मे महिन्यात नव्या फ्लेक्सखाली झाकले जातात. जुना उतरवलाच, तर तो गावात येतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्याला असाच एक ताणलेला आहे. पावसाची झड यायची त्या बाजूला 'प्रवेश सुरू आहेत', आणि त्याच्याखालून संध्याकाळी सहा जर्सी गाई कुठल्याही कागदपत्राशिवाय आत जातात.

अकरावीचं तर सरकारनंच रोलिंग केलं. पूर्वी ते ऑनलाइन प्रकरण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतं होतं. २०२५ साली ते अख्ख्या राज्याला लागू झालं. घरापासून हाकेच्या अंतरावरच्या वर्गात बसायचं, तरी पोर्टलवर नोंदणी, दहापर्यंत पसंतीक्रम आणि मग फेऱ्या. नियमित फेऱ्या संपल्या की सर्वांसाठी खुली फेरी. लग्नात सातच फेऱ्या असतात हे बरं; तिथं खुली फेरी नसते. पण निदान त्या पोरांना फेरी तरी आहे. इंजिनिअरिंगच्या पदविकेवाल्यांनासुद्धा आहे. त्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात आणि त्याची सीईटी सेलतर्फे रीतसर यादी लागते. आमच्या भाच्यासारखा जो मधूनच, आडवा, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात निघतो, त्याला फेरी नाही, यादी नाही, पोर्टल नाही. त्याला भाऊसाहेब आहेत.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं नव्या कॉलेजच्या खिडकीशी गेलो. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक, बरोबर छातीच्या उंचीवर. बोलायचं तर वाकावं लागतं. मी स्वतः असल्या भोकाच्या आतून ३१ वर्षं लोकांची फक्त तोंडं बघितली होती. त्यांच्या कमरेला काय होत असेल, याचा विचार कधी केला नव्हता. आत दोऱ्यानं बांधलेलं पेन, डिंकाची सुकलेली बाटली, कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर. भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं,

"टीसी आणलाय का?"

"टीसी आणतोच. आधी जागा आहे का तेवढं सांगा."

"जागा टीसी बघून सांगू."

रात्रीच्या गाडीनं भाचा निघाला, मनमाडला गाडी बदलून कल्याणकडे. गाडीत तिकीट तपासनीस आला. म्हणाला, "मी टीसी." पोरगं अर्धवट झोपेत म्हणालं, "तुमच्यासाठीच चाललोय, साहेब." हे त्यानंच मला सांगितलं, खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक.

जुन्या कॉलेजात त्याला सांगितलं गेलं, "नव्या कॉलेजचं ॲडमिशनचं पत्र आणा, मग टीसी देऊ. उद्या तुम्हाला तिकडं घेतलं नाही तर तुम्ही अधांतरी." केवढी माया! नव्या कॉलेजला टीसीशिवाय पत्र देता येत नाही, जुन्याला पत्राशिवाय टीसी देता येत नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. ते दोन नियम एकत्र आणून आमने-सामने बसवले पाहिजेत, असं मात्र कुणालाच वाटत नाही, कारण प्रत्येक खिडकीला एकच नियम दिसतो. मी स्वतः असंच वागत आलो. १९९८ की ९९ साली एका बाईंना मी याच कारणावरून चार खेपा घालायला लावल्या होत्या. त्या शेवटी काही न बोलता खिडकीवर एक पेरू ठेवून गेल्या. तो पेरू मला परवा अचानक आठवला.

टीसीच्या आधी 'नो ड्यूज'. हा एक पिवळट फॉर्म असतो आणि त्यावर प्रत्येक विभागाचा शिक्का घ्यायचा: ग्रंथालय, जिमखाना, एनएसएस, वसतिगृह, हिशेब विभाग आणि रसायनशास्त्र प्रयोगशाळा. पोरगं कॉमर्सचं. त्यानं आयुष्यात परीक्षानळी पाहिली ती दहावीच्या पुस्तकात. तरी फॉर्मवर रकाना आहे म्हणजे शिक्का पाहिजे. प्रयोगशाळेतले काका रजेवर. दोन दिवसांनी उगवले, रजिस्टर काढलं, सगळी पानं चाळली आणि या पोरानं आपलं एकही बीकर फोडलेलं नाही याची खात्री करून घेतली. म्हणाले, "शाबास! असं वागावं." मग शिक्का. वसतिगृहाच्या रकान्यात, हा वसतिगृहात राहतच नव्हता, असं वसतिगृहाच्या रेक्टरनं लिहून दिलं. जो राहत नव्हता त्याला ते कसं ओळखतात, हे विचारायचा मोह भाच्यानं आवरला. हुशार आहे पोरगं.

एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगतो, कारण ती मी रजिस्टरवाल्याच्या नजरेनं वाचली आहे. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. यूजीसीची ऑक्टोबर २०१८ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद बघायचे, पडताळायचे आणि तिथल्या तिथं परत द्यायचे. प्रवेश रद्द केला तर फी परत करायचे टप्पेही त्यात ठरवून दिलेत: शेवटच्या तारखेच्या आधी पंधरा किंवा जास्त दिवस असतील तर जवळजवळ सगळी, मग नव्वद टक्के, ऐंशी टक्के, पन्नास टक्के, आणि शेवटची तारीख उलटून महिना होऊन गेला की शून्य. हे भाच्यानं मोबाइलवर उघडून खिडकीशी धरलं. आतले गृहस्थ म्हणाले, "हे दिल्लीचं आहे. इथं प्रिन्सिपॉल साहेब आहेत." पण कागद दिले. थोडा दम लागतो, बाकी काही नाही.

आता विद्यापीठ. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, पुण्याचं १९४९चं. मधे घाट आहे आणि त्या घाटाला जकात नाका आहे, त्याचं नाव मायग्रेशन सर्टिफिकेट. एका विद्यापीठाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जायचं तर हे लागतं, आणि पलीकडे पोचल्यावर पात्रतेचा, म्हणजे एलिजिबिलिटीचा फॉर्म. पुणे विद्यापीठाच्या हद्दीतल्या हद्दीत कॉलेज बदललं असतं तर हे मायग्रेशन वाचलं असतं. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी येतात. त्यांना कुणी मायग्रेशन मागत नाही, म्हणून ते दर वर्षी येतात.

कागदावर आणखी एक अडचण निघाली. दहावीच्या दाखल्यावर जिल्हा अहमदनगर आणि ऑनलाइन अर्जात जिल्ह्यांच्या यादीत अहिल्यानगर. नाव २०२४ साली बदललं; पोराचा जन्म त्याच्या किती तरी आधीचा. कुणीतरी सुचवलं, "दोन्ही जिल्हे एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा." एकोणीस वर्षांच्या पोरानं शपथेवर सांगायचं की हा जिल्हा तोच तो आहे! मुद्रांक विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, शंभराचा आता बंद, पाचशेचा घ्या. हेही अर्धंच खरं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे आलेत, पण विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. ते माझ्या शेजारी रांगेत उभ्या असलेल्या ऊसतोडणी मुकादमाला माहीत होतं आणि मला, माजी लेखनिकाला, नव्हतं. पाचशे वाचले. त्याला चहा पाजला.

मग क्रेडिट. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट मिळवायचे आणि ते 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा व्हायचे. ही बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. जमा झालेलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. कॉलेज बदलणाऱ्यांसाठीच हा उपद्व्याप: तुम्ही गाव बदला, तुमची कमाई मागोमाग येईल. कल्पना म्हणून मला ती फार आवडली. आमच्या आबांना आवडली नाही. आमच्या जिल्ह्यात गल्लीगणिक पतसंस्था. बँक म्हटलं की म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते.

"व्याज किती देतात?" आबांनी विचारलं.

"व्याज नाही, आबा. नुसतं जमा राहतं."

"आणि सात वर्षांनी?"

"जातं."

"काढून घे," आबा म्हणाले. "आजच्या आज काढून घे."

काढून घेणं आबांना वाटतं तितकं सोपं नाही. क्रेडिट आले, पण विषयांची नावं जुळेनात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. वाचताना वाटतं आपण एखाद्या लष्करी छावणीच्या फाटकाशी उभे आहोत आणि मेजरसाहेब आत जेवतायत. तिकडे भाच्यानं खुला विषय म्हणून घेतलेला होता चित्रपटाचा आस्वाद. इकडच्या यादीत त्या जागी दुग्धव्यवसायाची ओळख. समकक्षता कशी ठरवायची? भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "दोन्ही दोन-दोन क्रेडिटचे आहेत ना? मग झालं." त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

एक विषय मात्र आला नाही. सांख्यिकीत पोराला एटीकेटी होती. एटीकेटी म्हणजे अलाउड टू कीप टर्म्स, नापास झालास तरी पुढे चल, मागचं नंतर बघू. जगात एवढा दयाळू शब्द दुसरा नसेल. पण ही दया घाट ओलांडत नाही. मागचा पेपर मागच्या विद्यापीठातच सोडवायचा. म्हणजे पोरगं आलं बेलापूरला आणि त्याची सांख्यिकी राहिली मुंबईला. त्याचं आणि आमच्या स्टेशनाचं नातं मला तेव्हा कळलं.

यूजीसीनं जून २०२४ मध्ये जाहीर केलंय की उच्च शिक्षण संस्थांना हवं तर वर्षातून दोनदा प्रवेश देता येतील, एकदा जुलै-ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. भाऊसाहेबांना मी हे सांगितलं. ते खिडकीच्या बाहेर मान काढून, प्रथमच मान काढून, म्हणाले, "दोनदा? इथं जुलैचंच जानेवारीपर्यंत चालतं." आणि मला पटलं. आमच्याकडे रोलिंग फक्त जाहीर व्हायचं राहिलंय.

शेवटी गाडं हललं ते एका शब्दानं. नियमाला नियम भिडून बसले, पोरगं आठ दिवसांत तीनदा मनमाडला गाडी बदलून आलं, मामी मला म्हणायला लागली की तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात नेमकं करत काय होतात. तेव्हा भाऊसाहेबांनी ड्रॉवर उघडला, एक छापील कागद काढला आणि म्हणाले, "प्रोव्हिजनल करून टाकू."

प्रोव्हिजनल! टीसी तीस दिवसांत सादर करीन, मायग्रेशन साठ दिवसांत सादर करीन, न केल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन. खाली विद्यार्थ्याची सही, पालक म्हणून माझी. तात्पुरतं या शब्दावर आपला देश उभा आहे. आमच्या गल्लीतला विजेचा खांब 'तात्पुरता' म्हणून रोवला तेव्हा मी अविवाहित होतो. ते हमीपत्र बघून जुन्या कॉलेजनं टीसी तयार केला, तो टीसी येणार म्हणून नव्या कॉलेजनं पोराला वर्गात बसवलं, आणि दोघांच्याही फायलीत सगळं नियमानं झालं. माझी मात्र मनातल्या मनात चरफड झाली. ३१ वर्षं माझ्याही ड्रॉवरमध्ये हा कागद असू शकला असता. मला सुचला नाही. त्या बाईंना एका खेपेत सोडता आलं असतं.

भाचा आता रोज सकाळी डबा घेऊन श्रीरामपूरला जातो. दहा-पंधरा मिनिटांची एसटी. हजेरी उत्तम. पीआरएन नंबर मिळाला. सांख्यिकीचा पेपर मुंबईला जाऊन दिला.

टीसी तेवढा आलेला नाही. जुन्या कॉलेजनं तो रजिस्टर पोस्टानं धाडला, पावती आमच्याकडे आहे. पण पत्ता टाइप करणारा माणूस तिकडचा. तिकडच्या माणसाला बेलापूर म्हणजे सीबीडी बेलापूर, नवी मुंबई. त्यानं 'बेलापूर बुद्रुक'मधलं बुद्रुक गाळलं, जिल्हा गाळला आणि पुढे पिन कोड ठोकला ४००६१४. आमचा पिन ४१३ नं सुरू होतो. हमीपत्राची मुदत आतापर्यंत तीनदा वाढवून झाली आहे. भाऊसाहेब म्हणतात, चौथी शेवटची.

तेव्हा सीबीडी बेलापूरच्या कुणा वाचकाला खाकी रंगाचा, डाव्या कोपऱ्यात कॉलेजचा गोल शिक्का असलेला लिफाफा आला असेल, तर कृपा करून फेकू नका. पोस्टानं पाठवलात तर पत्त्यावर बुद्रुक, तालुका श्रीरामपूर आणि जिल्हा अहिल्यानगर एवढं ठळक लिहा. स्वतः आणून देणार असाल तर गाडीनं बेलापूर स्टेशनावर उतरा. ते बेलापूर नाही. तिथूनच फोन करा, मी स्कूटर घेऊन येतो.